पांढऱ्या मातीचा पंजा

सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पहिला थेंब सृष्टीच्या पाळण्यात पडला.

शिवांजलीला वेळ पक्की ठाऊक होती, कारण दोनला लेकराला औषध पाजायचं होतं आणि दहा मिनिटं उशीर झाला म्हणून ती स्वतःलाच बोल लावत घड्याळाकडं बघत होती. तेवढ्यात टप्प झालं. पाळण्यातल्या दुपट्यावर रुपयाएवढा काळा डाग उठला. तिनं वर पाहिलं. पाळणा ज्या कडीला टांगला होता, तिच्या मुळाशी पाण्याचा दुसरा थेंब फुगत होता.

तिनं सृष्टीला झटकन उचलून कडेवर घेतलं.

गळतं घर कुणाला नवीन असतं, बायांनो? पण सृष्टी आठ महिन्यांची होती. श्रावणात तिला निमोनिया झाला आणि धाराशिवला दवाखान्यात सात दिवस काढले. छाती अशी वाजायची, जणू आत कुणी वाळू चाळतंय. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ओल लागू देऊ नका. परत झालं तर अवघड आहे." तो 'अवघड' शब्द शिवांजलीनं पदराच्या गाठीला बांधल्यासारखा घरी आणला होता. तेव्हापासून रात्रीतून चारदा उठून ती लेकराच्या नाकाशी बोट धरायची.

पाळणा हलवावा तर कुठं? घर दोन खोल्यांचं. स्वैपाकघरात सकाळपासून पाणी साचलेलं. बाहेरचं शेड तिन्ही बाजूंनी उघडं. एवढ्या पाळण्यापुरतीच जागा कोरडी राहिली होती, आणि आता तीही गेली.

गाव लोहारा तालुक्यातलं. नवं गाव म्हणतात त्याला. नवं म्हणजे बत्तीस वर्षांचं. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव बसलं, मग ओढ्याच्या अलीकडं ही स्लॅबची घरं झाली, एका साच्यातनं काढल्यासारखी. तेव्हा ती नवी होती. आता प्रत्येक घराच्या आढ्याला पोपडे सुटलेत, गंजक्या सळया डोकावतात, आणि परतीचा पाऊस लागून राहिला की गल्लीभर पातेली वाजत असतात.

शिवांजलीनं नवऱ्याला फोन लावला. श्रीनाथ धाराशिवला एका दुकानाची गाडी चालवायचा, शनिवारी घरी यायचा.

"ताडपत्री टाकली हुती की मी," तो म्हणाला.

"ती परवाच्या वाऱ्यानं उडून समोरच्या बब्रुवानदादांच्या शेळ्यांवर पडली. शेळ्या कोरड्या हायेत. आपुन ओले."

"आई कुठंय?"

"आत्या सोनारीलाच अडकल्यात. नदीला पानी हाय, जीप निघंना."

मथुराबाई, तिची सासू, नातीचा नवस फेडायला काळभैरवाला गेली होती. दोन दिवसांत येतो म्हणून गेली, आज चौथा दिवस. म्हणजे घरात ती एकटी, आणि लेकरू.

"शनिवारपर्यंत कसं तरी काढ," श्रीनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात लाज होती, म्हणून तिनं फोन ठेवला.

अडीचला पाऊस उघडला. शिवांजली अंगणात आली, वर बघितलं आणि तिला तिचं माहेर आठवलं.

माहेर जळकोटचं. तिथं तिच्या वडिलांचं, माणिकप्पांचं, अजून माळवदाचं घर आहे. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांच्यावर हातभर पांढरी माती. दरवर्षी मिरगाच्या आधी माणिकप्पा गावाच्या जुन्या पांढरीतनं, म्हणजे पडक्या वस्तीच्या जागेतनं, माती आणायचे, माळवदावर पसरायचे, चोपायचे. त्या मातीतनं पाणी खाली उतरत नाही, वरच्या वर वाहून जातं. शिवांजली सातवीपर्यंत शिकली, पण माळवद चोपायला ती पाचवीपासूनच होती. ते काम तिच्या हातात होतं. आणि पांढरी माती तर ओढ्यापलीकडं, जुन्या गावात ढिगानं पडून होती.

तिनं सृष्टीला शेजारी मेहनाजकडं नेलं. मेहनाज तिच्याच वयाची, सोलापूरची, दोघींचं एका ताटात जेवण्याएवढं पटायचं. बेत ऐकून मेहनाजचा हात लेकराच्या टोपड्यावरच थांबला.

"माती? वर? शिवा, ह्या गावात डोस्क्यावर माती घेत न्हाईत."

"का गं?"

"का ते मला नको इचारू. मी आले तवा सासूनं पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. दूध उघडं ठिवायचं न्हाय आन् स्लॅबवर माती टाकायची न्हाय."

"आन् तू दूध झाकतीस?"

"ते रोज उघडंच ऱ्हातंय," मेहनाज हसली. "पन माती न्हाय टाकली कदी."

शिवांजलीलाही हे ठाऊक नव्हतं असं नाही. मथुराबाईंनी वर तुळशीची कुंडीसुद्धा ठेवू दिली नव्हती. पण म्हाताऱ्या माणसांच्या शंभर गोष्टी असतात आणि लेकराची छाती एकच असते. ती हातगाडा, घमेलं आणि खोरं घेऊन निघाली.

जुन्या गावात माणूस जात नाही. बाभळी माजल्यात, भिंती पावसानं विरघळून ढिगारे झालेत. कुठं उंबऱ्याचा दगड दिसतो, कुठं कोनाडा, काजळीसकट. ढगांमुळं भर दुपारी कातरवेळ झाल्यासारखं वाटत होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं. एका ढिगाऱ्याची माती पिठासारखी पांढरी आणि चिकट दिसली, तिथं ती वाकली.

माणिकप्पांनी शिकवलं होतं, पडक्या घराची माती फुकट उचलायची नाही. मूठभर जोंधळे ठेवायचे आणि सांगून घ्यायची. तिनं ओच्यातले जोंधळे ठेवले आणि हात जोडले.

"कुनाचं घर हाय ठावं न्हाय मला. लेकरासाठी माती नेते. माझ्या लेकराच्या डोईवर सांभाळून बसा."

खोरं घातलं तेव्हा मातीतनं हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. तिनं तो अलगद परत ठेवला. आणि एकदम वास आला. ओल्या मातीचा तर होताच, पण त्याच्या खाली दुसराच, ताज्या भाजलेल्या मिस्रीचा. दात घासायला बाया तंबाखू भाजतात ना तव्यावर, तो उग्र, घशाला धरणारा वास. जवळपास घर नाही, चूल नाही. तिनं मान वळवून पाहिलं. बाभळी तेवढ्या निथळत होत्या.

तीन खेपा केल्या. सोळा घमेली माती. नीट मोजलेली, कारण प्रत्येक घमेलं डोक्यावर घेऊन ती शिडीनं वर चढली होती, आणि प्रत्येक पायरीला गुडघे मोजत होते. स्लॅबवरचं शेवाळ खरवडलं, चिरा बुजवल्या आणि पाळण्याच्या कडीच्या वर, खाटेएवढ्या जागेत माती पसरली. कपड्याच्या धोपाटण्यानं चोपायला घेतली. अर्धी चोपून झाली, आणि पाऊस आला. साधासुधा नाही, आभाळ उलटं केल्यासारखा. वीज कडाडली तशी ती खाली उतरली, लेकराला घेऊन घरात आली.

आता न चोपलेली माती धुऊन जाणार. एवढा जीव काढला तो पाण्यात. सृष्टीला छातीशी धरून ती कोपऱ्यात बसली आणि कडीकडं बघत राहिली. थेंब फुगला. पडला. दुसरा फुगला...

तेवढ्यात वरनं आवाज आला.

धप. धप. धप्प.

दोन हलके, एक जोराचा. परत दोन हलके, एक जोराचा. कुणीतरी माती चोपत होतं.

"मेहनाज...?" तिनं हाक मारली. दार उघडून पाहिलं. मेहनाज आपल्या दारात उभी राहून पन्हळीखाली बादली लावत होती. तिनं शिवांजलीला हात केला. वरचा आवाज चालूच होता. हात न थकणारा, घाई नसलेला, आयुष्यभर हेच केलेल्या माणसाचा.

शिवांजलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण कडीचा फुगलेला थेंब पडलाच नाही. तो आत ओढून घेतल्यासारखा बारीक झाला आणि सुकला. मग भिंतीवरनं उतरणारी ओल थांबली. मग स्वैपाकघरातली टपटपही थांबली. सृष्टी तिच्या मांडीवर कधी झोपली तिला कळलंही नाही. श्वास साधा, मऊ. वाळू चाळल्याचा आवाज नाही.

आई ती आई. भीती एका बाजूला राहिली आणि तिचे हात आपोआप जुळले.

"जे कोन असाल..." ती आढ्याकडं बघून हलकेच म्हणाली, "लई उपकार झाले तुमचे."

वरचा आवाज क्षणभर थांबला. ऐकून घ्यावं तसा. मग परत सुरू झाला, आणि दिवेलागणीच्या सुमारास बंद झाला.

मंगळवारी सकाळी पाऊस रिमझिमत होता. ती शिडीवर चढली, डोकं वर काढलं आणि तिथंच थबकली.

तिनं टाकली होती खाटेएवढ्या जागेत, सोळा घमेली. आता अख्ख्या स्लॅबवर माती होती. काठापासून काठापर्यंत, वीतभर जाड, पाटावरल्या पुरणपोळीसारखी गुळगुळीत. पन्हळीकडं बरोब्बर उतार दिलेला. कुठंही पावलाचा ठसा नाही. फक्त पन्हळीशेजारच्या कोपऱ्यात एक पंजा उमटलेला, उजव्या हाताचा. बारीक, बाईमाणसाचा. करंगळी अर्धीच.

तिनं मेहनाजला बोलावलं. मेहनाज दोन पायऱ्या चढली, बघितलं आणि पदर तोंडावर धरला.

"शिवा... ही सकिनाबीची निशानी हाय."

"कोन सकिनाबी?"

"आमच्या ह्यांची आजी. जुन्या गावात समद्यांची माळवदं तीच करायची. सासू सांगायची, काम झालं की कोपऱ्यात पंजा मारायची. फुडच्या वर्साला पंजा दिसला तर माती पुरेशी हाय, पुसला असला तर परत टाकायची. अडकित्त्यात करंगळी गेलती तिची..." मेहनाज एक पायरी खाली उतरली. "भूकंपात गेली ती."

पाऊस त्या पंजावर पडत होता आणि पंजा विरघळत नव्हता.

खाली आल्यावर शिवांजलीनं मथुराबाईंना फोन लावला. चार वेळा लागला नाही, पाचव्यांदा लागला. घर कोरडं आहे, सृष्टी बरी आहे, हे आधी सांगितलं. मग मातीचं.

पलीकडं नुसती खरखर.

"आत्या?"

"माती...? वर...?" मथुराबाईंचा आवाज विहिरीतनं आल्यासारखा. "कुठली माती, पोरी?"

"जुन्या गावातली."

"काढ ती... आत्ताच्या आत्ता..." आणि फोन तुटला. परत लागलाच नाही.

बाहेर पाऊस वाढला होता. लेकराला ठेवून वर चढावं, एवढ्या पावसात वीतभर माती उपसावी, आणि घर परत गळकं करावं? दोन महिन्यांत पहिल्यांदा जमीन कोरडी दिसत होती. पाळण्यात सृष्टी पाय उडवत होती, हसत होती. शिवांजलीनं ठरवलं, आत्या भ्यायल्यात, जुनं आठवलं असेल. पाऊस उघडला की बघू. तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

दिवसभर पाऊस पडला. माती पाणी पीत राहिली.

चारच्या सुमारास वीज गेली. घरात एवढं अंधारलं की तिनं चिमणी लावली. सृष्टी पाळण्यात झोपलेली. शिवांजली खाली बसून दोरी ओढत होती. वरची कडी कुईं... कुईं करत होती. रोजचा आवाज. पण आज त्याच्यात आणखी काहीतरी होतं. बारीक, कट् कट्, सुपारी फुटल्यासारखं.

मिस्रीचा वास आला.

आधी मंद. मग असा दाट की डोळे चुरचुरले. आणि वर आवाज सुरू झाला. पण चोपण्याचा नव्हे. खरवडण्याचा. खर्र... खर्र... कुणीतरी दोन्ही हातांनी, नखांनी, माती ओरबाडत होतं. कालचा तो शांत हात नव्हता हा. ही घाई होती. पन्हळीतनं मातीचे लगदे धपाधप अंगणात पडायला लागले. एक, दुसरा, तिसरा. खर्र, खर्र, खर्र... हात पुरेना म्हणून रडकुंडीला आल्यासारखा आवाज.

शिवांजलीच्या हातातली दोरी सुटली. चिमणीची ज्योत आडवी झाली. आणि पाळण्याच्या वरनं, कडीच्या अगदी मुळातनं, दम लागलेल्या बाईचा आवाज आला.

"ए पोरी... बच्ची कू उठा..."

ती हलली नाही.

"उठा उसकू... भार जा... भार जा..."

शब्द सगळे कळले नाहीत, पण लेकराला घेऊन बाहेर जा, एवढं आईला कळलं. तिनं झडप घालून लेकराला उचललं आणि दाराकडं धावली. कडी काढली, दार ओढलं. दार हलेना. रोजचं दार, एका बोटानं उघडणारं, चौकटीत गच्च बसलं होतं, जणू वरनं कुणी चौकट दाबून धरली असावी. तिनं पाय लावून ओढलं. खांदा दिला. सृष्टी जागी होऊन किंचाळायला लागली. मागं कट्, कट्, कटाक् झालं आणि तिच्या मानेवर वाळू सांडली.

"आई भवानी... माझं लेकरू..."

तेव्हा दार बाहेरनं ओढलं गेलं. एकाच हिसक्यात, चौकटीचा ढलपा निघण्याइतक्या जोरानं. ती लेकरासकट अंगणाच्या चिखलात जाऊन पडली. पाठीमागं धरणी बसल्यासारखा आवाज झाला आणि दारातनं पांढऱ्या धुळीचा लोट बाहेर आला.

मेहनाज धावत आली. तिनं सृष्टीला ओढून पदराखाली घेतलं, हात-पाय चाचपले, डोकं चाचपलं. लेकराला ओरखडासुद्धा नव्हता.

"दार तू वढलंस?" शिवांजलीनं विचारलं.

"मी? मी तर आवाज ऐकून आले."

धूळ बसल्यावर दोघींनी आत पाहिलं. स्लॅबचा मधला तुकडा, चार जात्यांएवढा, गंजक्या सळयांसकट खाली आला होता. त्याच्या खाली पाळणा होता. पाळण्याच्या लाकडाचा भुगा झाला होता. दुपट्याचा कोपरा तेवढा दिसत होता, कालचा रुपयाएवढा डाग असलेला.

बुधवारी दुपारी मथुराबाई आल्या. जीपमधनं उतरल्या त्या सरळ मेहनाजच्या घरात. नातीला मांडीवर घेतलं आणि किती तरी वेळ तिच्या टाळूवर गाल टेकवून बसल्या. रागावल्या नाहीत. शिवांजली पाया पडायला वाकली तर तिलाही जवळ ओढलं.

"त्या साली बी आसाच पाऊस हुता," त्या हळू बोलायला लागल्या. "गनपती बसलेले, आन् घरं गळत हुती. बाया सकिनाबीच्या दारात. माझं करा, माझं करा. ती कुनाला नगं म्हनायची न्हाय. एक पाटी मागितली तर धा चढवायची. म्हनायची, लेकरं कोरडी ऱ्हाऊ दे. गल्लीतल्या एकूनएक माळवदावर तिनं हात-हात माती चढवली. गळती थांबली. आमी समद्या बाया म्हनलो, सकिनाबी, लई उपकार झाले तुमचे..."

शिवांजलीनं मेहनाजचा हात घट्ट धरला. तेच शब्द. तीही आढ्याकडं बघून तेच शब्द बोलली होती.

"तिसऱ्या दिशी पहाटं धरनी हालली," मथुराबाई म्हणाल्या. "भिंतीनं कोन मेलं न्हाय. वरच्या मातीनं मेले. आमच्या घरातले चौघं. मी परसाकडं गेलते म्हनून वाचले. सकिनाबी... ती बी तिच्याच मातीखाली. उकरून काढली तवा तिची नखं समदी गेलेली हुती. तिनं खालनं वर उकरत आनलं हुतं, पन पोचली न्हाय." त्यांनी नातीच्या कपाळावरनं हात फिरवला. "कुनी तिला दोस दिला न्हाय, पोरी. पर मेलेल्याला ते कोन सांगनार? बत्तीस वर्सं तिला वाटत आसंल, आपल्या हातानं झालं. काल तिला पोचता आलं."

बाहेर पन्हळीखाली मातीचे लगदे पडलेले होते. त्यांच्यावर ओरखडे होते, दहा बोटांचे नव्हे, नऊ आणि अर्ध्याचे.

पाऊस उघडल्यावर सगळी गल्ली कामाला लागली. समोरच्या बब्रुवाननं आणि कोपऱ्यावरच्या गोरोबानं उरलेली माती भीत भीत खाली उतरवली. सोळा घमेली शिवांजलीनं मोजून वर नेली होती. खाली आली ती दोनशे अकरा. जिथनं आणली तिथंच, सकिनाबीच्या पडक्या घराशी, सगळ्यांनी ती नेऊन ठेवली. मेहनाजनं डोकं झाकून फातिहा म्हटला. मथुराबाईंनी नारळ फोडला, हिरव्या बांगड्या ठेवल्या आणि मिस्रीची पुडी. शिवांजलीनं सृष्टीचे दोन्ही हात मातीला लावले.

"सकिनाबी," ती म्हणाली, "तुमच्या हातानं कुनी मेलं न्हाय. तुमच्या हातानं ही वाचली. ह्यवढं ध्यानात ठिवा."

वारा नव्हता, तरी मिस्रीची पुडी उलगडली.

श्रीनाथनं नोकरीवरनं आठ दिवस रजा घेतली, राहिलेला स्लॅब पाडला आणि वर पत्रे टाकले. पत्र्यावर पाऊस वाजतो, झोप लागत नाही, पण डोक्यावर वजन नाही. सृष्टी आता भिंत धरून उभी राहते. छाती स्वच्छ आहे. शिवांजली रोज दिवा लावताना देवाच्या आधी जुन्या गावाकडं तोंड करून हात जोडते. कुणी हसलं तर हसू देते.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

दसऱ्यानंतर गोरोबाच्या घरात, बाजेच्या बरोबर वर, आढ्याला पांढरा पंजा दिसला. अर्ध्या करंगळीचा. त्यांच्या स्लॅबवर माती नव्हती, कधीच नव्हती. गोरोबाच्या बायकोनं एक शब्द न विचारता बाज उचलून बाहेर नेली. तिसऱ्या दिवशी त्याच जागेवरचा गिलावा आणि खालचं काँक्रीट कोसळलं. घरात कुणी नव्हतं. त्या दिवसापासून गल्लीतल्या बाया सकाळी उठल्या की चुलीच्या आधी आढं बघतात.

आणि आता हे, ज्यासाठी एवढं सगळं सांगितलं.

बब्रुवान दिवाळी झाल्यावर बायको आणि दोन लहान मुलींना घेऊन ऊसतोडीला कर्नाटकात गेला. घराला कुलूप आहे. शेळ्या शिवांजलीकडंच बांधल्यात. गुरुवारी शेळीचं करडू शोधताना तिनं सहज त्यांच्या खिडकीच्या फटीतनं आत पाहिलं. पुढच्या खोलीत, मुली झोपतात त्या जागेच्या वर, आढ्याला पंजा होता. दुसऱ्या दिवशी परत पाहिलं. होता. आणि ओला होता, माती खाली ठिबकत होती, आत्ताच हात उचलल्यासारखा.

ती मथुराबाईंना म्हणाली, "आत्या, पन घरात तर कोनच न्हाय. रिकाम्या घरात कशाला?"

मथुराबाईंनी आधी समोरच्या कुलपाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "रिकाम्या घराला ती हात लावायची न्हाय. मान्सं येनार आसतील तवाच ती येती... बब्रुवानची मान्सं निगाली आसतील."

बब्रुवानचा फोन लागत नाही. मुकादमाचा नंबर कुणाकडं नाही. शिवांजलीनं दाराला निरोपाची चिठ्ठी लावली, पण दोघा नवरा-बायकोला वाचता येत नाही, आणि ऊसतोडीची माणसं परततात ती रात्री-अपरात्री, गल्ली निजलेली असताना.

म्हणून हात जोडून सांगणं आहे. उसाच्या फडात, एसटीत, कुठल्या स्टँडवर, दोन लहान मुली घेतलेला बब्रुवान नावाचा माणूस कुणाला भेटला, तर थांबवून एवढंच सांगा. घरी पोचल्यावर, कितीही दमला असला तरी, पुढच्या खोलीत लेकरं निजवू नकोस. आणि तो नाही भेटला, तर ज्याला भेटाल त्याला सांगा. तो पुढं सांगेल.